डाव्या पायाचं पेडल

९ फेब्रुवारी

प्रिय भाऊजी,

आधी खुशाली सांगून टाकते, म्हणजे पुढे मोकळेपणाने लिहिता येईल. आम्ही दोघं ठीक आहोत. मोरीतला नळ गळायचा तो अजून गळतोच आहे, आणि माझं शिलाई मशीन तुमच्या लग्नाआधीपासून खडखडत होतं तसंच खडखडतंय. तुमचं कसं काय? जाऊबाईंची मान दुखायची ती थांबली का? त्यांना म्हणावं, उशी बदलून बघा. नवरा बदलून मान राहत नाही, नाहीतर मी केव्हाच बदलला असता.

हातात फोन असताना वहिनीनं पत्र का लिहिलं, म्हणून तुम्ही चरकला असाल. फोनवर मला नीट बोलता येत नाही. आमच्या घरात इकडे शिंकलं की तिकडच्या खोलीतून 'काय झालं' असं विचारतात. पत्राचं बरं असतं, लिहिताना आवाज होत नाही.

बाईसाहेबांची बातमी देते. तुम्ही शेवटचे आलात तेव्हा गाडी लाकडी ठोकळ्यांवर उभी होती, नुसता सांगाडा. आता बघाल तर ओळखणार नाही. इंजिन बसलं. सुरू केलं की स्वयंपाकघरातली भांडी फळीवर सरकायला लागतात. रंगही झाला, तोच मूळचा फिकट निळा. रंगवाल्याला यांनी इतक्यांदा परत पाठवलं की शेवटी तो म्हणाला, "साहेब, आकाशाचा रंगपण तुम्ही नापास कराल." तुम्हाला काय सांगायचं! जन्मभर कारखान्यात तपासनीस म्हणून लोकांच्या मालावर 'नापास'चा शिक्का मारला, आणि निवृत्त होताना तो शिक्का घरी घेऊन आले. लग्नानंतर पहिला शिक्का माझ्या चहाला बसला होता.

सीटं माझ्याकडे आहेत. पुढचं सीट म्हणजे सीट कसलं, दिवाणच आहे तो. या अमेरिकन लोकांनी गाडीत बसायचं ठरवलं होतं की लोळायचं, कळत नाही. जुनं कव्हर उसवून त्याच्यावरूनच नवं बेतलं. उभ्या शिवणी, कडेला पांढरी पायपिंग. माझ्या हातून एवढं मोठं काम आजवर झालं नव्हतं. पडदे आणि गाद्यांच्या खोळी शिवून हात बसलेला असतो, पण इथे कापड जाड, सुई सारखी तुटते. मागचं सीट झालं, पुढचं निम्मं राहिलंय.

तुमच्या दोघांच्या भांडणाबद्दल मी कधी बोलले नाही, आजही बोलत नाही. एकाचं म्हणणं, गाडी कारखान्यातून निघाली तशीच हवी, स्क्रूसुद्धा मूळचा. दुसऱ्याचं म्हणणं, दिसायला ठेव जुनी, पण निदान ब्रेक तरी आजच्या काळातले लाव. एवढ्यावरून सख्खे भाऊ बोलायचे बंद झाले हे कुणाला सांगितलं तर लोक मलाच वेड्यात काढतील. तुम्ही नव्या ब्रेकचं खोकं ओट्यावर ठेवून निघून गेलात, यांनी ते न उघडता ओट्याखाली सारलं. दादानं बोलावल्याशिवाय येणार नाही, असं तुम्ही म्हणता. हे म्हणतात, यायचं तर दार उघडंच आहे. एकाच आईची लेकरं, दुसरं काय!

बरं, जाता जाता एक विचारायचं होतं. आमच्या ओळखीत एक गृहस्थ आहेत. त्यांचा उजवा पाय काम करत नाही. त्यांच्याकडेही अशीच मोठी जुनी गाडी आहे, क्लच नसलेली, गिअर आपोआप पडणारी. ती नुसत्या डाव्या पायाने चालवता यावी असं काही करता येतं का? तुमच्या वर्कशॉपमध्ये अशी कामं होतात असं जाऊबाई मागे म्हणाल्या होत्या. जरा घाई आहे. म्हणजे, त्या गृहस्थांना घाई आहे.

उत्तर घरी पाठवू नका, कोपऱ्यावरच्या सुतादोऱ्याच्या दुकानाचा पत्ता खाली दिलाय, तिथे माझ्या नावानं पाठवा. दुकानदारीण माझी मैत्रीण आहे.

तुमची,
वहिनी


२४ फेब्रुवारी

प्रिय भाऊजी,

तुम्ही लबाड आहात हे तुम्ही शाळेत जायचात तेव्हापासून मला माहीत आहे. एवढं मोठं पाकीट, आत एकच ओळ: 'त्या गृहस्थांच्या गाडीचा रंग फिकट निळा आहे का?'

आहे.

दुकानात उभ्याउभ्याच वाचलं. मैत्रिणीनं मुकाट्यानं स्टूल पुढे केलं. ती बरी आहे, उगाच विचारत बसत नाही.

थंडीला सुरुवात झाली तेव्हाची गोष्ट. सकाळी दात घासताना यांच्या हातातून ब्रश पडला. उचलायला वाकले ते उठलेच नाहीत. मी आधी चिडले, म्हटलं सकाळी सकाळी काय थट्टा लावलीये. मग तोंड पाहिलं. ॲम्ब्युलन्स लवकर आली, डॉक्टर चांगले भेटले, बोलणं तर आठवड्याभरात परत आलं. पहिलं वाक्य काय म्हणाले असतील? नर्सला म्हणाले, "ही चादर तिरकी घातलीय." तेव्हा माझ्या जिवात जीव आला. उजवा हातही हळूहळू येतोय, पेला धरतात, शर्टाचं बटण लागत नाही. पण उजवा पाय आला नाही. व्यायाम शिकवणारी बाई येते. ती स्पष्ट बोलणारी आहे. म्हणाली, घरात वॉकर धरून चालतील, पुढे काठीवर येतील, पण त्या पायाचा भरवसा धरू नका.

तुम्हाला कळवायचं नाही अशी यांनी मला शपथ घातली. मी पुष्कळ वाद घातला. म्हणाले, "त्याला मी खांद्यावर बसवून फिरवलंय. त्याच्यासमोर ते चार पायांचं डबडं धरून उभा राहू?" आज शपथ मोडतेय. मोडली तर मोडली, शपथा मोडून कुणी मेलेलं मी पाहिलं नाही. गप्प बसून मात्र माणूस झिजताना बघतेय.

तब्येतीपेक्षा मला भीती वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. इस्पितळातून आल्यापासून हे गॅरेजमध्ये पाऊल टाकत नाहीत. स्वयंपाकघरातून दार उघडलं की गॅरेज, चार पावलंसुद्धा नाहीत. ते दार बंद ठेवायला सांगतात. दिवसभर खिडकीपाशी खुर्ची. पेपर हातात असतो, पान उलटत नाही. मी विचारते, चहा करू? कर. नको का? नको तर नको. चहा कसाही केला तरी पितात. भाऊजी, माझा चहा पास व्हायला लागला तेव्हा मी घाबरले.

आणि आता हे. या महिन्याच्या सुरुवातीला एक हॉटेलवाला येऊन गेला. त्याला गाडी हवी आहे. चालवायला नाही. मधोमध कापून पुढचा अर्धा भाग भिंतीत बसवायचा, आत सोफा टाकायचा, गिऱ्हाईकांनी फोटो काढायचे. मागच्या भागाचं काउंटर. माणूस हसतमुख आहे, स्वतःची कल्पना त्याला फार आवडली आहे. मी वाट बघत होते, आता हे त्याला घराबाहेर काढतील. हे म्हणाले, "न्या. मार्च संपेपर्यंत न्या." हॉटेलवालाही गांगरला, त्याला वाटलं होतं घासाघीस करावी लागेल.

तो गेल्यावर मी मोरीत जाऊन रडले. गाडीसाठी नाही रडले. गाडी माझी सवत आहे, माझ्या नवऱ्याचे सगळे रविवार तिनं खाल्ले. रडले कारण 'न्या' म्हणताना यांचा आवाज असा होता की गाडीबरोबर स्वतःलाही भंगारात घालतायत. कापायचं तर कापा, आता काय उरलंय, असा. मला नवरा परत हवाय, भाऊजी. माझ्या चहाला नावं ठेवणारा नवरा.

तेव्हा काम करायचं ते लवकर. तुम्ही मापं कशी घ्यायची ते विचाराल, म्हणून मी आधीच घेतली आहेत. हे दुपारी झोपतात तेव्हा गॅरेजमध्ये जाऊन ड्रायव्हरच्या पायाखालच्या जागेचा खाकी कागदावर नमुना कापला. अगदी बाहीचा कापतात तसा, कोपऱ्यांच्या गोलाईसकट. सोबत जोडलाय. ब्रेकचं पेडल रुंद आहे, ते डाव्या पायालाही पोचतं, मी बसून पाहिलं. त्याच्या डावीकडे तळाच्या पत्र्यात एक बटण आहे, पायानं दाबलं की पुढचे दिवे वर-खाली होतात. ते मध्ये येईल, तेव्हा त्याचं काय करायचं ते लिहा. बोल्ट कुठे मारायचे, कुठला पाना लागेल, सगळं लहान मुलाला सांगतात तसं लिहा. मी बसवीन. बसवून यांना दाखवीन. पुढचं पुढे.

तुम्ही या असं मी म्हणत नाही. म्हणायचा मला अधिकार नाही, आणि तुम्ही न बोलावता दारात उभे राहिलात तर हे खुर्चीसकट भिंतीकडे तोंड फिरवतील. फक्त पेडल पाठवा.

वाट बघते.

वहिनी


२१ मार्च

प्रिय भाऊजी,

बसा. हात पुसून बसा, आणि जाऊबाईंनाही बोलवा, दोघांनी मिळून वाचा.

तुमचं पार्सल वेळेवर आलं. काय वजन हो! मैत्रिणीचा नवरा सायकलवर बांधून घरापर्यंत घेऊन आला. सामान छान केलंत. डावीकडे बसवायचं ॲक्सिलरेटरचं नवं पेडल, ते उजवीकडच्या मूळच्या पेडलला जोडायचा दांडा, निकामी पाय चुकून उजव्या पेडलवर पडू नये म्हणून मध्ये घालायची आडवी पट्टी, आणि हे सगळं जिच्यावर बसतं ती खालची पत्र्याची पाटी. चिठ्ठीत तुम्ही लिहिलंत, 'तुमच्या नमुन्याबरहुकूम कापली आहे, सूतभर फरक नाही.' तीच तर गंमत झाली.

दुपारी हे झोपले तशी मी गॅरेजमध्ये गेले, दार लोटून घेतलं, पाटी आत घातली. बसेना. तिरकी घातली, उभी घातली, दाबली. चहूबाजूंनी मोठी. आधी तुमचा राग आला, म्हटलं एवढा मोठा कारागीर आणि एक पाटी कापता येत नाही. मग विचार केला, असेल थोडी जास्त, घासून काढू. यांची कानस घेतली आणि लागले घासायला. भाऊजी, पत्रा घासण्याचा आवाज मेलेल्याला उठवेल असा असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मागे दार करकरलं. वॉकर धरून हे उभे.

"काय चाललंय?"

"काही नाही."

"काही नाही एवढ्या मोठ्यानं चालतं?"

कानस तशीच माझ्या हातात, केसांत लोखंडाचा भुसा. हे एक पाऊल आत आले, मग दुसरं. पाटीकडे बघितलं, पेडलकडे बघितलं. मग दांड्याच्या सांध्यावरून बोट फिरवलं, डाव्या हाताचं.

"हे वेल्डिंग बारक्याचं आहे," म्हणाले.

मी मान हलवली. म्हटलं, आता स्फोट होणार. शपथ मोडली, भावाला कळवलं, पाठीमागून उद्योग केला, तिन्ही गुन्हे एका जागी सापडले. पण यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. पाटी उचलायला लावली, जागेवर धरायला लावली, मान वाकडी करून बघितलं.

"माप कुणी दिलं?"

"मी. नमुना कापून पाठवला."

"चारी बाजूंनी सारखीच मोठी कशी? चूक असती तर एकीकडे झाली असती. ही चूक नाही, ही कुणीतरी मुद्दाम सोडलेली जागा आहे."

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आयुष्यभर कापड बेतलं मी. कात्री चालवताना हात आपोआप चहूकडून बोटभर कापड जास्त ठेवतो, शिवणीत जातं ना ते! कागद कापतानाही ठेवलं. तुम्ही बिचाऱ्यांनी तसंच्या तसं लोखंडात उतरवलं.

"मी... शिलाईला जागा सोडली," मी म्हटलं.

हे माझ्याकडे बघतच राहिले. "लोखंडाला शिलाई?"

"सवय हो."

"मग तुरपाई पण करणार होतीस का? की काजं-बटणं?"

आणि हसायला लागले. थंडीपासून या घरात हसण्याचा आवाज नव्हता, भाऊजी. हसता हसता तोल जायला लागला, तसे त्या लाकडी ठोकळ्यावर बसले, डोळ्यांतून पाणी. मीही हसत होते, माझं रडणं त्यातच उरकून घेतलं. मग डोळे पुसले, हात पुढे केला.

"नापास. दे इकडे ती कानस. अशी धरतात का? वांगं कापल्यासारखी?"

त्या दिवसापासून गॅरेजचं दार बंद झालेलं नाही. मी पाटी शिकंज्यात आवळून द्यायची, यांनी डाव्या हाताने घासायचं. उजवा नुसता वर ठेवलेला, पण ठेवलेला. व्यायामवाली बाई आली तर आम्ही दोघं तिथेच. म्हणाली, "माझ्या रबरी चेंडूनं जे झालं नाही ते कानशीनं होतंय, करा."

दिव्याच्या बटणापाशी गाडं अडलं. ते काढायचं म्हणजे वरती डॅशबोर्डखाली दुसरं लावायचं, त्यासाठी भोक पाडायचं. मूळच्या पत्र्याला भोक! मला वाटलं, आता बिनसलं सगळं. हे हातात ड्रिल घेऊन किती वेळ नुसते बसले होते. मी म्हटलं, राहू दे, दुसरा काही मार्ग काढू. तर म्हणाले, "मूळचा होता तसा मी तरी कुठे राहिलोय? आणि चालायचं तर आहे." असं म्हणून भोक पाडलं. मी तिकडे तोंड फिरवून सुई ओवत होते, पण ती ओवली गेली नाही.

हॉटेलवाला मोजायची टेप घेऊन आला होता. यांनी त्याला बसवलं, चहा पाजला, आणि म्हणाले, "तुम्हाला सोफा पाहिजे ना? मग सोफ्याच्या दुकानात जा. ही गाडी आहे." बिचारा हिरमुसला. जाताना मला हळूच म्हणाला, "तुमच्याकडे बघून वाटलंच होतं." काय वाटलं होतं कुणास ठाऊक.

आता परवाचं सांगते. पहिल्यांदा गाडी सुरू करून बाहेर काढायची ठरली. मी शेजारी, अर्धवट शिवलेल्या सीटवर, टाचण्या टोचतायत. अंगणातून फाटकापर्यंत नेऊन परत यायचं, एवढंच. हे म्हणाले, घाबरू नकोस. मी म्हटलं, मी कुठे घाबरलेय? आणि डोळे मिटले. डावा पाय गेली कित्येक वर्षं बसून खाणारा. त्याला नाजूकपणा कसला माहीत! असा दाबला की बाईसाहेब उसळल्या आणि फाटकाचा खांब गाठला. ब्रेकवर पाय जायला थोडा उशीरच झाला म्हणायचा. विटा ढासळल्या, पुढच्या बंपरला हा एवढा पोचा. मी अशी किंचाळले की समोरच्या घरातले लोक गॅलरीत आले.

इंजिन बंद करून हे बसून राहिले. एवढासा ओरखडा पडला म्हणून सबंध दार पुन्हा रंगवायला लावणारा हा माणूस. आता खाली उतरणार, गॅरेजचं दार बंद करणार आणि खुर्चीत जाऊन बसणार, असं मनात आलं. मी त्यांच्या दंडावर हात ठेवला. म्हटलं, "पोचा काढता येईल."

"नंतर बघू," म्हणाले. "आधी मागे घेऊ दे. पाय नवशिका आहे, त्याला शिकवायला हवं."

आणि घेतली मागे, भाऊजी. हळूच. मग पुन्हा पुढे, खांबापासून हातभर अंतरावर थांबवली. मग पुन्हा. संध्याकाळपर्यंत अंगणातल्या मातीला चाकांच्या खाचा पडल्या. काल गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आलो. आज बाजाराच्या रस्त्यानं एक फेरी मारली. लोक वळून बघत होते आणि हे सरळ समोर बघत होते, पण ओठ कसे दाबून धरले होते ते मी शेजारून पाहिलं.

परत आल्यावर गाडीतून उतरेनात. मी विचारलं, पाय दुखतोय का? म्हणाले, "बारक्याचं ते खोकं ओट्याखाली आहे ना? काढ. नवे ब्रेक बसवायला दोन माणसं लागतात. तू एक, पण तुला बोल्टला टाके घालायचे असतील." मी म्हटलं, मग दुसरं माणूस कोण? तर म्हणे, "तुला माहीत आहे. लिही त्याला."

मी लिहिणार नाही म्हणून सांगितलं. सगळी पत्रं मीच लिहायची का? ज्याला बोलवायचं त्यानं बोलवावं. चांगला अर्धा तास कुरकुर केली, उजव्या हातात पेन धरवत नाही, डाव्यानं अक्षर येत नाही, अमुक नि तमुक. मी कागदाचा खालचा भाग कोरा सोडून उठले आणि चहा ठेवायला गेले. आत्ता बाहेर येऊन बघते तर लिहून पेन खाली ठेवलंय, आणि चहाचा घोट घेऊन म्हणतायत, "हे काय, नुसतं पाणी!"

तेव्हा भाऊजी, जाऊबाईंसकट या. मागचं सीट शिवून तयार आहे, आणि त्यावर अजून कुणी बसलेलं नाही. यांच्या ओळी वाचताना कागद थोडा लांब धरा.

सुखात असलेली,
तुमची वहिनी


बारक्या,
डाव्या हातानं लिहितोय. तुझं वेल्डिंग चांगलं आहे. ये. कुठल्या बसनं येतोस ते कळव. स्टँडवर उतरून दुसरी गाडी करू नकोस, न्यायला मी येतो. उशीर झाला तर थांब.
दादा